चौथ्या वर्षाचं पाणी

या सदरात एरवी आंबा-काजूचे प्रश्न असतात. तुडतुडे, भुरी, फळगळ, कलमांची मर. पस्तीस वर्षं दापोली-गुहागर भागात कृषी खात्यात काढली, त्यामुळे त्या प्रश्नांना उत्तरं देताना मला फारसं अडखळावं लागत नाही. या महिन्याच्या टपालात मात्र तीन पत्रं वेगळी निघाली. तिन्हींत आंबा आहे, पण विचारलंय दुसरंच. संपादकांशी बोललो. ते म्हणाले, जागा घ्या. म्हणून फवारणीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : काका, नमस्कार. माझं वय २९, गाव दापोली तालुक्यात. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला गेलो, नव्या पेठेत अभ्यासिका लावली आणि सहा वर्षं राज्यसेवेची तयारी केली. मुख्य परीक्षा तीनदा दिली. शेवटच्या वेळी साडेचार गुणांनी राहिलो. सकाळी डोळे उघडले की दिसेल अशा जागी भिंतीवर ‘उपजिल्हाधिकारी’ असा कागद चिकटवला होता. गेल्या दिवाळीत खोली सोडली. कागद काढताना भिंतीचा रंग निघाला आणि मालकांनी डिपॉझिटमधून पैसे कापले. आता घरी आहे. बाबांची ७० हापूसची कलमं आहेत, ती दरवर्षी व्यापाऱ्याला खंडाने, म्हणजे झाडावरचं सगळं फळ ठरलेल्या रकमेला, देतात. जो भेटतो तो सांगतो, आयुष्यात ध्येय पाहिजे. माझ्याकडे होतं, काका. ते गेलं. नवीन कुठून आणू? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. बाबा तुमचं सदर वाचतात म्हणून तुम्हालाच लिहितोय.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ‘ते गेलं’ या शब्दांपाशी माझा आवाज अडकला. सहा वर्षं रोज पहाटे उठून अभ्यासिकेत बसलेला मुलगा आळशी नसतो, बेजबाबदार तर नसतोच. हे तुझ्या बाबांनीही वाचावं म्हणून इथे छापतो आहे.

आधी झोपेचं. महिना-दोन महिने झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही असं असेल तर डॉक्टरांना दाखव. लाजू नकोस. १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हे आधी कर, बाकीचं सावकाश वाच.

आता मला माहीत आहे ते सांगतो, आणि मला झाडंच माहीत आहेत.

१९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली. कोकणातले कितीतरी डोंगरउतार त्या काळात आंब्या-काजूखाली आले. अनुदान एकदम मिळत नसे. तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने आणि जिवंत झाडं मोजून मिळायचं. मोजायला मी जायचो. हातात वही, खांद्याला पिशवी, कातळावरून चालत एकेका कलमाशी थांबायचं, जिवंत असेल तर आडवी रेघ, मेलेलं असेल तर फुली.

पहिली तीन वर्षं सगळ्या बागा सारख्याच दिसायच्या. पाणी घातलेलं, आळं केलेलं, भोवती दगडी गडगा घातलेला. कोण कशासाठी लावतोय ते मला ओळखता यायचं नाही. चौथ्या वर्षी हप्ते संपले. माझं तिथलं काम संपलं, पण वाट तीच होती म्हणून मी त्या बागांवरून जायचो. त्या उन्हाळ्यात काही बागांचं पाणी बंद झालं.

एक बाग मला अजून दिसते. लांबून हिरवीगार. जवळ गेलो तर प्रत्येक कलमाच्या जोडाखालून रायवळाची, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याची, फूट वर आलेली, चांगली मनगटाएवढी जाड, आणि वरची हापूसची काडी वाळून कोळ झालेली. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. त्याच्या खालून येणारी फूट खुडत राहावं लागतं. दोन पावसाळे कोणी वाकून पाहिलं नाही की कलम गेलं, उरतं ते खुंटाचं रायवळ झाड. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने लावली होती ती अनुदानाची बाग. अनुदान मिळालं, त्याच्या हिशेबी काम पुरं झालं.

त्याच वाडीत एक आजी होती. तिची बावीस कलमं. प्रत्येक कलमाशेजारी तिने एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात, तोंडावर करवंटी. आठवड्यातून दोनदा ती मडकी भरायची. खालच्या पऱ्याचं, म्हणजे ओहोळाचं, पाणी मार्चमध्ये आटायचं, मग वाडीच्या विहिरीवरून हंडा. बावीस मडकी म्हणजे किती खेपा झाल्या ते तू मोज. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा ती हंडा घेऊन चढ चढत होती. मी म्हटलं, आजी, आता मोजायला कोणी येणार नाही हो. तिने हंडा दगडावर टेकला आणि म्हणाली, “मुंबैला पाच नातवंडं हायत माजी. मे म्हैन्यात येत्यात नि लोकांच्या आंब्याला दगड मारत्यात. मग लोक मारत्यात त्यांना. त्यांना दगड माराया घरची झाडं नकोत?”

मी तेव्हा तुझ्यापेक्षा थोडाच मोठा होतो. मलाही नोकरीत येताना फक्त नोकरीच दिसली होती. ऑर्डर हातात आली त्या दिवशी जे हवं होतं ते मिळालं, आणि नंतरची काही वर्षं मी नुसते तक्ते भरले. त्या दुपारी पहिल्यांदा मला कळलं की मी काय मोजतोय. त्यानंतर माझ्या स्वतःच्या डायरीत मी एक रकाना आखला, ‘कोणासाठी’. सरकारी नमुन्यात तो नव्हता. लागवडीचा अर्ज घेऊन माणूस आला की मी विचारायचो, पहिला आंबा कोण खाणार? ज्याला हे सांगता यायचं, नावासकट, त्याच्या बागेत चौथ्या वर्षीही मला बहुतेक वेळा ओलं आळं दिसायचं.

म्हणून तुला एक काम देतो. एक कागद घे आणि लिही : त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्या आठवड्यात मी काय करणार होतो? गाडी, सलाम, बाबांच्या चेहऱ्यावरचं समाधान, हे आलं तर तेही लिही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बाबांना आनंद व्हावा ही फार मोठी इच्छा आहे. पण ते सगळं रुजू होण्याच्या दिवशी पुरं होतं. त्या पुढच्या मंगळवारी काय? अमुक लोकांचं अमुक काम अडलंय, ते मी सोडवणार होतो, असं एक जरी वाक्य तुझ्या हातून उतरलं तर ते वेगळ्या शाईने लिही. तेवढं वाक्य साडेचार गुणांनी गेलेलं नाही.

तुझ्याच तालुक्यातलं मुरूड आहे. धोंडो केशव कर्वे तिथे वाढले. सतराच्या आसपास वय असताना ते सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. पावसाचे दिवस, वाटेत कुंभार्ली घाट, शंभराहून अधिक मैल. तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, वय कमी दिसतं म्हणाले आणि बसू दिलं नाही. ती परतीची वाट मी अनेकदा मनात चाललोय. दमलेले पाय, घरी काय सांगायचं याचा विचार आणि वर पाऊस. पुढे मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचं वय २३ होतं.

त्या मुलाच्या डोक्यात तेव्हा विद्यापीठ नव्हतं. डोळ्यांसमोर काय होतं, तर घराघरांतल्या लाल आलवण नेसलेल्या, केस काढलेल्या विधवा, ज्यातल्या काही त्याच्याच वयाच्या असतील. कोकणात तेव्हा त्या सगळ्यांनाच दिसत होत्या. कर्व्यांची नजर तिथून हलली नाही, एवढाच फरक. १८९१ पासून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. पहिली पत्नी वारली होती. १८९३ साली त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवेशी, लग्न केलं. मुरूडने बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला होता, त्याच गावाने. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. कॉलेजात शिकवून झालं की पुण्यातून हिंगण्यापर्यंत चिखल तुडवत जायचे आणि परत यायचे. जपानातल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका हातात पडली आणि मग १९१६ साली आपल्याकडचं महिला विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आमच्या खात्यात त्या वयाला सेवानिवृत्तीचा नारळ देतात.

हे तुला अशासाठी सांगितलं की, पुढचं सगळं आधी दिसलं पाहिजे असं लोक म्हणतात आणि तू घाबरतोस. कर्व्यांना आधी विधवा दिसल्या, मग आश्रम दिसला, आश्रमात बसल्यावर शाळा आणि शाळा चालवल्यावर विद्यापीठ. घाटात वळणापुढचा रस्ता वळणावर पोहोचल्यावरच दिसतो. पण वर जायचंय की खाली, हे मात्र पहिल्या पावलाला ठरलेलं असावं लागतं.

आता तुझ्याकडे काय आहे ते बघू. सहा वर्षं तू जमीन महसूल संहिता वाचलीस, पंचायत राज वाचलंस, शासन निर्णय कसा वाचायचा ते शिकलास. आणि तुझ्या वाडीतल्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत? वीस? चाळीस? अर्धी माणसं मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद नाही. कोकणात हे घरोघरी आहे. सामाईक सातबारा असला की योजनेला सहहिस्सेदारांची संमती लागते, कर्जाला लागते, आणि एक भाऊ रुसला की सगळं अडतं. पस्तीस वर्षांत मी किती अर्ज या एका कारणाने परत पाठवले असतील! झाडं लावायची इच्छा होती, जमीन होती, पाऊस तर आपल्याकडे बक्कळ. कागद नव्हता. ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी खंत आहे आणि ती माझ्या हातून सुटली नाही, कारण मला त्यातलं कळत नव्हतं. तुला कळतं.

दर रविवारी सकाळी पडवीत बस. वाडीतल्या कोणाचाही सातबारा आणि आठ-अ आणायला सांग. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे कोणता अर्ज द्यायचा, महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटणी कशी मागायची, फळपीक विम्याची मुदत कधी, एवढंच सांग. पैसे घेऊ नकोस, निदान पहिलं वर्ष. चहा घे. वर्षभरात तीन घरांची नावं जरी नीट लागली तरी तुला माणसं दिसायला लागतील, आणि मग दहा वर्षांनी आपल्या वाडीच्या नकाशावर काय काय उभं असावं याचा विचार तुझा तूच करू लागशील. त्यातून वकिली निघेल, की सरपंचकी, की पुन्हा तीच परीक्षा, हे मी सांगू शकत नाही. परीक्षा पुन्हा द्यावीशी वाटली तर जरूर दे. फक्त या खेपेला कागदावर पदाचं नाव लिहू नकोस, माणसांची लिही.

आणि सत्तरातली दहा कलमं या हंगामापासून खंडातून काढून घे, बाबांना माझं नाव सांग. मोहोरापासून पेटी भरण्यापर्यंत ती दहा तू कर. रात्री झोप येत नाही म्हणतोस. आंब्याच्या दिवसांत पहाटे चारला उठून वानर हाकलणाऱ्याला झोप लागते.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. हुशार आहे, पण ‘पुढे काय व्हायचंय?’ विचारलं की खांदे उडवतो. त्याच्या वर्गातल्या मुलांनी सातवीपासून ठरवलंय. त्याला ध्येयच नाही याची मला फार काळजी वाटते. तुम्ही कोय कलमांबद्दल लिहिता ते तो आवडीने वाचतो, एवढंच.

उत्तर : ताई, ‘एवढंच’ म्हणू नका. पंधराव्या वर्षी मुलाला कशात तरी रस आहे, हे पुष्कळ आहे. सातवीतल्या मुलाने सांगितलेलं ध्येय बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांचं असतं. त्याला विचारणं काही महिने थांबवा.

जूनमध्ये त्याला दहा-वीस ताज्या कोयी आणि पिशव्या द्या. कोय रुजून पंधरा-वीस दिवसांत तांबूस, लुसलुशीत रोप वर येतं. ते असं कोवळं असतानाच कलम बांधायचं. चांगल्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी घ्यायची, पाचरीसारखी तासायची, रोपाला चीर देऊन आत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. पहिल्या खेपेला निम्मी मरतील. मेली की तो का मेली ते शोधेल, किंवा शोधणार नाही. शोधलं तर तुम्हाला तुमच्या मुलाविषयी बरंच कळेल. नाही शोधलं तरी काही बिघडत नाही, त्याचं मन दुसरीकडे आहे एवढं समजा आणि ते कुठे रमतं ते पाहत राहा.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा आहे. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालो, आता आम्ही दोघं गुहागरजवळ गावी राहतो. मुलगी परदेशात आहे, ती परत येणार नाही हे आम्ही मान्य केलं आहे. घरामागे वीस गुंठे मोकळी जमीन आहे. तिथे हापूस लावावा असं फार मनात आहे. पत्नी म्हणते, या वयात आंबा लावून कोणासाठी? मला तिला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : दादा, वहिनींचा प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून आधी सरळ हिशेब सांगतो. चांगलं कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळाला येतं, दहाव्या वर्षानंतर नीट उत्पन्न देतं. म्हणजे तुम्ही ६९ व्या वर्षी स्वतःच्या झाडाचा आंबा खाल आणि ७३ व्या वर्षी वाटण्याइतका आंबा असेल. हे अशक्य मुळीच नाही. वर ज्यांचं लिहिलं त्या कर्व्यांनी जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला तो १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी. १०४ वर्षं जगले ते.

पण वहिनी वर्षांविषयी विचारतच नाहीत असं मला वाटतं. मुलगी येणार नाही, मग हे सगळं कोणाच्या हाती, असं त्या विचारताहेत. आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात निघाली, ती १९८१ मध्ये लोकांच्या हाती आली. तिच्यात साका होत नाही. हापूस कापल्यावर आत पांढरट, पोकळ लागतो तो साका, बागायतदाराचं काळीज तुटतं तो. त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ आली १९९२ मध्ये, तिची कोय अगदी पातळ. आंब्यात हे काम म्हणजे एका मोहोराच्या फुलावर दुसऱ्याचा पराग लावायचा, टिकलेल्या मोजक्या फळांची कोय लावायची, ती रोपं फळाला यायची वाट पाहायची आणि त्यातलं एखादंच ठेवायचं. जो पराग लावतो तो फळाच्या वेळेला त्याच जागी असेलच असं नाही. संकर करणाऱ्यांना आपलं घर त्या फळात दिसत नव्हतं, तरी साका नसलेला आंबा दिसत होता.

तुमच्या घरामागून शाळेची वाट जाते का? कोणाची मुलं जातात? वहिनींना घेऊन एकदा संध्याकाळी गडग्याशी बसा आणि बघा. माझ्या त्या आजीची पाच नातवंडं होती. तुमची कदाचित त्या वाटेवर असतील. कोणासाठी हे वहिनींनाच ठरवू दे, आणि कोणतं झाड कुठे हेही.

आता कामाचं. दहा बाय दहा मीटरवर वीस गुंठ्यांत वीस कलमं बसतात. सगळी हापूस लावू नका. नुसत्या हापूसला फळधारणा कमी होते, म्हणून दोन कलमं केसर किंवा रत्नाची घाला. खड्डे एक मीटर लांब, रुंद, खोल, आणि ते आत्ताच, उन्हात तापू द्या. मे संपायच्या आत चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून भरा. पाऊस नीट लागला की कलम लावा, जोड मातीच्या वर ठेवा. दोन बाजूंना काठ्या रोवून सैल बांधा. जोडाखालची फूट दिसली की त्याच दिवशी काढा.

पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तर तो खुडून टाकायचा असतो. तुमचा हात धजणार नाही, कोणाचाच धजत नाही. सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत, दोघांनी मिळून खुडा. पाण्याचं कसं आहे ते पत्रात नाही. विहीर लांब असेल तर मडक्यांचं मी वर लिहिलंच आहे, वीस मडकी आत्ता बाजारात मिळतील.